विकलेला माल

झेरॉक्सचं मशीन मध्येच थांबलं, तसा दुकानदाराने झाकण उघडून अडकलेला कागद ओढून काढला.

"मॅडम, सगळीच पानं काढायची? पुढचे रंगीत फोटो गाळले तर बरीच कमी होतील."

"फोटोच गाळा," आम्रपाली म्हणाली. "मागची मात्र सगळी द्या. अगदी शेवटच्या पानापर्यंत."

दुकानदाराने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. चवदार तळ्याजवळच्या त्या दुकानात आम्रपाली नेहमी प्रश्नपत्रिका घेऊन यायची. आज तिने पेन ड्राइव्हवर आणलं होतं ते 'कांगोरी डायकेम'चं वार्षिक अहवालपुस्तक. गठ्ठा बांधून झाला तेव्हा तो दोन हातांत धरावा लागला.

कांगोरी डायकेम म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीतली जुनी कंपनी. कापडाच्या रंगांना लागणारा कच्चा माल तिथे तयार होई. आम्रपालीचा नवरा सुहास तिथल्या बॉयलर विभागात सुपरवायझर होता, लग्नाच्याही आधीपासून. गेली दोन वर्षं कंपनी तोट्यात होती. चीनचा स्वस्त माल आला, नव्या प्लांटसाठी काढलेलं कर्ज अंगावर आलं, आणि एके काळी दोनशेच्या वर असलेला शेअर एकतीस रुपयांवर येऊन पडला. यंदा मात्र अहवालात थोडा नफा दिसला आणि कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय उरला नाही. आता घेतले तर घेतले, नाहीतर गाडी गेली, असं जो तो म्हणत होता. सुहासच्या शिफ्टमधल्या लोकांनी ठरवलं होतं की जमेल तशी रक्कम घालून सगळ्यांनी शेअर घ्यायचे. आणि सुहास त्यांना सांगून आला होता, "थांबा. आमच्या बाईंना आधी बघू द्या."

'बाई' बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात हिशेबतपासणी शिकवत होती. ताळेबंद तिला वर्तमानपत्रासारखा वाचता येई. घरी येऊन तिने हातपाय धुतले, पेन्सिलीला टोक केलं आणि गठ्ठा मागच्या बाजूने उघडला.

सुहास संध्याकाळी आला तेव्हा टेबलावर पानं पसरलेली होती आणि कुकर अजून लावलेला नव्हता. त्याने स्वतःच तांदूळ धुतले.

"काय म्हणते कंपनी?" कुकर लावून तो समोर बसला.

"नफा झालाय म्हणते."

"मग?"

"मग नफा आहे कुठे?" तिने एक पान त्याच्यापुढे सरकवलं. "हे बघा. विक्री वाढली. चांगली पंचवीस टक्क्यांनी वाढली. पण गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे त्याच्याहून जास्त वाढलेत. म्हणजे माल विकला, पण पैसे आले नाहीत. धंद्यातून आलेली रोकड उणे आहे. पगार आणि व्याज देण्यासाठी बँकेकडून आणखी उचललंय. मालकांनी स्वतःचे शेअर तारण ठेवलेत. आणि एवढी जी विक्री वाढली, त्यातली बहुतेक एकाच गिऱ्हाइकाला. नाव नाही दिलेलं."

"उधारीवर चालतो गं धंदा. कापडगिरण्या तीन-तीन महिन्यांनी पैसे देतात."

"इथे आठ महिन्यांच्या विक्रीएवढे पैसे यायचे राहिलेत."

सुहास खुर्चीत मागे रेलला. त्याला ते पटत नव्हतं, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं. "आम्रपाली, कागदाचं तुला जास्त कळतं, ते मान्य. पण मी रोज तिथे उभा असतो. गेटातून भरलेले ट्रक बाहेर जातात, ते मला दिसतात. पूर्वी दिवसाला एखादा जायचा. मार्चमध्ये तर रांग लागली होती. एक लाल टपाचा ट्रक होता, तो सकाळी भरून गेला की जेवणानंतर पुन्हा भरायला हजर. माल उठत नसता तर एवढी वाहतूक झाली असती?"

आम्रपालीची पेन्सिल थांबली.

"कुठे जायचे हे ट्रक?"

"मुंबईला. आणखी कुठे?"

"मुंबईला सकाळी गेलेला ट्रक जेवणानंतर परत कसा आला?"

कुकरची शिट्टी झाली. सुहास उठला नाही. दुसरी झाली तेव्हाही तो तसाच बसून होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हायवे अर्धा खणलेला होता तेव्हा."

दुसऱ्या दिवशी त्याने कॅन्टीनमध्ये एका ड्रायव्हरला सहज विचारलं. ड्रायव्हरने काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. माल नाते गावाला जायचा, म्हणाला. बंद पडलेल्या भातगिरणीत. रस्ता बरा होता आणि दिवसाला दोन फेऱ्या सहज व्हायच्या.

रविवारी दोघं मोटरसायकलवरून नाते गावाला गेले. रायगडाकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ होती. गणपती नुकतेच झाले होते आणि दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेलं होतं. गिरण शोधावी लागली नाही. रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याची लांबलचक शेड, आणि तिच्या पडवीपर्यंत उभे केलेले निळे ड्रम. एकावर एक, तीन थर. बाहेरच्या रांगेतल्या ड्रमांचा रंग उन्हाने पांढुरका पडला होता. हवेत तो ओळखीचा आंबट वास होता, जो सुहासच्या कपड्यांना रोज यायचा.

शेजारच्या घरातून एक पन्नाशीची बाई पदर खोचत बाहेर आली.

"कोण गो? कोण पायजे?"

"जयभीम ताई," सुहास म्हणाला. "मी तुडीलचा. हिकडनं चाललो होतो, ड्रम बघून थांबलो. कंपनीत कामाला आहे ना, म्हणून."

"जयभीम. या, बसा." बाईंचं नाव मंजुळा. गिरण त्यांच्या नवऱ्याची. नवरा वारला आणि गिरण बंद पडली, हे त्यांनी पाणी देतादेताच सांगून टाकलं. "माल मार्चमधी आला. दोन महिन्यांत नेतो म्हनाले होते, अजून काय नेला नाय. मना काय, भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. तेवढाच आधार हाय. पर वासानं डोकं चढतं कधीकधी."

"कोण देतं भाडं? कांगोरीच देते?" आम्रपालीने विचारलं.

"नाय गो, दुसरीच कंपनी हाय कायतरी. मुंबयची. मानूस मात्र तुमच्याच कंपनीतला येतो."

आम्रपाली पाण्याचा तांब्या ठेवून ड्रमांजवळ गेली. लेबलावर कांगोरीचं चिन्ह होतं आणि खाली मार्चच्या शेवटच्या आठवड्याची तारीख. तिने पुढचा ड्रम पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. झाकणावरची सीलं जशीच्या तशी होती. कागदावर विकला गेलेला, नफा मोजून झालेला सगळा माल इथे गिरणीत बसून होता.

परत येताना महाडच्या वेशीपाशी गाडी हळू करून सुहासने विचारलं, "लोकांना सांगायचं?"

"विचारलंय त्यांनी, तर सांगायलाच हवं."

"सगळं?"

"जे पाहिलं ते सगळं. नाव कुणाचं घेऊ नका, म्हणजे झालं."

सोनबाच्या पडवीत सगळे जमले. सोनबा शिफ्टमधला सगळ्यांत जुना ऑपरेटर. पोलादपूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत हे त्याचं गाव, तिथे थोडी भातशेती, आणि कंपनीत तीस वर्षांची नोकरी. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. त्याच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला आणि आम्रपालीसाठी आतून खुर्ची आणली. आम्रपालीने ती बाजूला ठेवली आणि ती इतरांसारखीच चटईवर बसली.

तिने फार वेळ घेतला नाही. विक्री, न आलेले पैसे, व्याज, तारण, आणि शेवटी नात्याची गिरण. वर्गात बोलावं तशी ती सावकाश आणि स्वच्छ बोलली. "म्हणून माझं मत विचाराल तर घेऊ नका. एकतीसला नको आणि वीसलाही नको."

रितेश नावाचा तरुण ऑपरेटर भिंतीला टेकून मोबाइल चाळत होता. तो म्हणाला, "वहिनी, एक बोलू? जागा नसली की कंपन्या बाहेर गोडाऊन घेतातच. त्यात काय एवढं? आणि मार्केटमध्ये टॉक आहे, नवा इन्व्हेस्टर येतोय. तो आला की हे सगळं क्लिअर होणार."

"येईलही. तो ताळेबंद वाचून आला तर मला आनंदच आहे."

दोघंतिघं हसले. सोनबा हसला नाही. तो गुडघ्यावर हात ठेवून अंगणाकडे पाहत होता.

"वहिनी, तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तसं असंलही," तो म्हणाला. "पर माझी दोन पोरं या कंपनीवर शिकली. हे घर तिच्यावर बांधलं. महापुरात चिखल काढून आमी ती परत चालू केली, सुहास होता ना तिथं? आता ती पडल्याली असताना मी हात आखडता घेऊ? ते माज्यानं नाय व्हायचं."

यावर आम्रपालीने वाद घातला नाही. "तुमचा पैसा, सोनबादादा. पण बुडाला तरी चालेल एवढाच घाला," इतकंच ती म्हणाली.

सोनबाने घेतले. रितेशने तर उसने घेऊन घेतले आणि सोनबाचेही त्यानेच मोबाइलवरून घेऊन दिले. बाकीच्यांनी कुणी थोडे घेतले, कुणी घेतलेच नाहीत.

आणि शेअर वर गेला. दसऱ्याच्या आधी चाळीस झाला, दिवाळीत अठ्ठावन्न. नव्या गुंतवणूकदाराची बातमी एका वाहिनीवर आली, नाव न सांगता. रितेशने कॅन्टीनमध्ये पेढे वाटले आणि एक पेढा कागदात बांधून खास 'वहिनींना' म्हणून सुहासजवळ दिला.

आम्रपालीने तो अर्धा करून खाल्ला. "पेढा चांगला आहे," ती म्हणाली.

"तुला काहीच वाटत नाही?"

"भाव वाढला म्हणून गिरणीतले ड्रम कमी झाले का?"

सुहासने मान हलवली. ते कमी झालेले नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात तो एकटा जाऊन पाहून आला होता.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तो नेहमीपेक्षा उशिरा घरी आला. हेल्मेट काढून त्याने खुंटीला लावलं, मग पुन्हा काढून हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. आम्रपाली पेपर तपासत होती.

"मी राजीनामा दिला," तो म्हणाला.

तिने लाल पेन खाली ठेवलं.

"वसाहतीतच ती औषधांच्या गोळ्यांवर साखरेचा लेप देणारी लहान कंपनी आहे ना, तिथे बॉयलरला माणूस हवा होता. दोनदा जाऊन आलो. पगार थोडा कमी आहे. पहिल्या तारखेपासून या म्हणाले."

"मला बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू अडवलं असतंस."

"अडवलंच असतं!" तिचा आवाज चढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच चढला. "इतकी वर्षं झाली तुमची तिथे. ग्रॅच्युइटी आहे. सगळे तुम्हाला ओळखतात. आणि कमी पगारावर, या वयात? असा कसा एकदम..."

सुहास समोर बसला. हेल्मेट त्याने मांडीवर घेतलं.

"शेअर घेऊ नका, असं तूच सांगितलंस ना? एकतीसला नको, वीसलाही नको. मी तिथेच होतो चटईवर. येताना सबंध घाट मी एकच विचार करत होतो. सोनबा घालणार लाख-दोन लाख. रितेश घालणार तेवढेच. आणि मी? माझी तर अख्खी नोकरी तिथे घातलेली. सगळ्यांत मोठा हिस्सा माझाच होता की गं तिथे. दुसऱ्यांना नको म्हणायचं आणि आपण मात्र तसंच बसायचं?"

त्या गठ्ठ्यातलं प्रत्येक पान आम्रपालीने वाचलं होतं. कामगारांवरचा खर्च हा आकडाही तिने पेन्सिलीने अधोरेखित केला होता. त्या आकड्यात समोर बसलेला हा माणूस आहे, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"ग्रॅच्युइटी देतील?" तिने विचारलं.

"आत्ता देतील. भाव चढलाय, मालक खुशीत आहेत. म्हणूनच आत्ता अर्ज दिला."

तिला हसू आलं. ती उठली आणि त्याच्या हातातलं हेल्मेट घेऊन तिने खुंटीला लावलं.

डिसेंबरच्या मध्यावर एका रविवारी सकाळी सोनबा घरी आला. हातातल्या पिशवीत नव्या भाताचे पोहे होते. सुहासने नव्या कामाच्या गोष्टी सांगितल्या, सोनबाने जुन्या. पगार या महिन्यात दहा दिवस उशिरा झाला, म्हणाला. चहा संपला तरी तो उठेना, तेव्हा आम्रपालीनेच विचारलं, "काय काढलंत, सोनबादादा?"

"शेरांचं विचाराया आलो. रितेश म्हनतो शंभरावर जानार, थांब. मना काय झोप नाय. तुमी तवा सांगितलेलं, मी ऐकलं नाय. आता काय करू?"

"आज भाव काय आहे?"

"साठ म्हनला."

"मग विका. उद्या सकाळी बाजार उघडला की सगळे विका. घातलेल्याचे जवळपास दुप्पट झालेत. रितेशचं ऐकू नका."

"विकतो." सोनबाने मान डोलावली. मोठा भार उतरल्यासारखे त्याचे खांदे सैल झाले. मग त्याने सहज विचारलं, "कंपनी परत घेईल ना ते? साठाला?"

"कंपनी नाही घेत. दुसरं कुणीतरी घेतं."

"कोन?"

"कुणीही. नागपूरचा असेल, सोलापूरचा असेल. आपल्याला नाही कळत. मोबाइलवर बघून घेणारा कुणीतरी."

सोनबा पिशवीची घडी घालत होता, तो थांबला.

"म्हंजे माज्यासारकाच."

"हो. तसाच."

"त्याला नात्याचं कोन सांगनार?"

खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. सुहास आम्रपालीकडे बघत होता.

"मना तोटा परवडायचा नाय, मी विकनार," सोनबा उठत म्हणाला. "पर त्या मानसाला कुनीतरी सांगाया पायजे, वहिनी. कुनाला सांगायचं ते तुमाला तरी ठाव असंल."

तो गेल्यावर आम्रपालीने पोहे डब्यात भरले. डबा फळीवर ठेवला. मग टेबलाशी येऊन लॅपटॉप उघडला आणि कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या मुंबईच्या ऑडिटरचा पत्ता शोधला. सुहास तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

तिने लिहायला सुरुवात केली. कुणावर आरोप नाही, शंका नाही. मार्चच्या विक्रीत धरलेला माल नाते गावातल्या बंद भातगिरणीत आजही सीलबंद उभा आहे. आपण स्वतः येऊन पाहावं. कंपनीचा माणूस बरोबर आणू नये. एवढंच. लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं.

"खाली नाव?" तिने मागे न पाहता विचारलं.

"तुझं घाल. माझंही घाल. कंपनीतली वर्षंही लिही, म्हणजे ते वाचतील तरी."

तिने दोन्ही नावं टंकली. पण पाठवण्याआधी तिचा हात थबकला.

"मंजुळाताईंचं भाडं जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"तेवढाच आधार आहे म्हणाल्या होत्या."

आम्रपालीने मेल पाठवून दिला. लॅपटॉप मिटून तिने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे नजर टाकली.

"उद्या माझा पहिला तास अकराला आहे," ती म्हणाली. "मला सकाळी नात्याला सोडाल? त्यांना मीच जाऊन सांगते."